तुळजाबाई आणि देवीची जळू

आमच्या वरच्या मजल्यावरच्या तुळजाबाई दुधाची पिशवी साबणाने धुतात. भाजीवाल्याने परत दिलेली नाणीही धुतात. कुणाकडे चहा घ्यायची वेळ आली तर कप आधी उजेडात धरून बघतात, आणि घरची बाई समोर उभी आहे याचं त्यांना काही वाटत नाही. पुण्याजवळ मांजरी गावात आमची इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची, तिथे ऊस होता. जन्म शेणामातीत गेला, पण किळस अशी की विचारू नका. वर म्हणतात, "शेण चांगलं असतंय. माणसं घाण असत्यात."

त्यांचे यजमान हिंदुराव. त्यांच्या आजोबांचं गाव घाटमाथ्यावर होतं. गाव धरणात गेलं, माणसं इकडे आली, देवी मात्र तिथेच देवराईत राहिली. दर श्रावणात हिंदुराव एकटे जाऊन नारळ वाढवून यायचे. तुळजाबाई लग्न झाल्यापासून एकदाही गेल्या नव्हत्या. कारण एकच, जळवा.

यंदा चैत्रात हिंदुरावांची उजवी बाजू गेली. बोलणंही अडखळतं. श्रावण लागला तसे ते दाराकडे बघून मुलासारखे रडायला लागले. विश्वजीत, म्हणजे त्यांचा मुलगा, समजूत घालून थकला. शेवटी तुळजाबाईच म्हणाल्या, "म्या जाते. रडू नगा."

यंदापासून राईत वाटाड्याशिवाय सोडत नाहीत, म्हणून विश्वजीतने मोबाइलवर एक दिवसाची जंगलसहल शोधली. वडिलांना उचलायला-बसवायला तो घरी थांबला आणि सोबतीला मी गेले. देवीचं काम, नाही कसं म्हणणार? पण जे पाहिलं ते लिहितानाही मळमळतं.

सुरुवात बसमध्येच झाली. पुढच्या सीटवर सुरुची नावाची एक नोकरदार मुलगी होती. घाटात तिने वेफर्सच्या रिकाम्या पाकिटात ओकारी काढली आणि पाकीट खिडकीतून भिरकावलं. वारा आमच्या खिडकीकडे होता. तुळजाबाईंनी पदर नाकावर घेतला तो उतरेपर्यंत काढला नाही.

वाटाड्या ऋषी, कोथरूडचा दाढीवाला तरुण. उतरल्या उतरल्या हात पसरून म्हणाला, "हे आपलं स्वतःचं रेनफॉरेस्ट! सगळ्यांनी डीप श्वास घ्या!" घेतला. न वाळलेल्या गोधडीचा आणि कुजक्या पानांचा वास. एकाने तेवढ्यात स्पीकरवर गाणी लावली.

राईच्या तोंडाशी ऋषीने चपला काढायला लावल्या. "आतलं काहीही बाहेर आणायचं नाही. पान नाही, काटकी नाही, बी नाही. न्यायचे ते फक्त फोटो. आत काही मारायचंही नाही. गावकरी मानतात, नेलं तर घरातल्या माणसाला भोवतं."

सगळे हसले. तुळजाबाई हसल्या नाहीत. त्यांच्या घरातलं माणूस खाटेवर होतं.

आत दिवसाढवळ्या अंधार. पायाखाली पानांचा लगदा, शिळ्या भाजीसारखा गिळगिळीत, बोटांच्या फटीतून वर येणारा. खोडांवर बुळबुळीत अळंब्या. एका झाडातून पिवळा चीक असा ओघळत होता की मी मान वळवली. आणि पानापानाच्या टोकावर जळवा, शेपटीवर उभ्या राहून आमचा वास घेत डोलत होत्या. माझ्या अंगठ्याला एक चिकटली. ऋषीने ती नखाने उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "काकू, रिलॅक्स. ती फक्त जेवतेय."

"मग तुझं ताट वाढ की तिला," तुळजाबाई म्हणाल्या.

याहून घाण पुढेच होती. देवीच्या हाकेच्या अंतरावर आमच्यातला एक जण झाडामागे जाऊन उभा राहिला. धार ऐकू येत होती. मी मोठ्याने देवीचं नाव घ्यायला लागले, म्हणजे ती ऐकू येऊ नये. अशा माणसांना पायताणं काढायला लावून काय उपयोग?

देवी म्हणजे शेंदूर फासलेला एक तांदळा, बिनघडीव दगड, शेवाळाने अर्धा झाकलेला. तुळजाबाईंनी बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, नारळ वाढवला. "हिंदुरावाच्या नावानं हाय. त्यांला हिंडतं-फिरतं कर," एवढंच म्हणाल्या. प्रसादही तिथेच संपवायचा. हात पुन्हा चिखलाचे झाले होते, पाणी संपलं होतं. डोळे मिटून त्यांनी खोबरं गिळलं. मला वाटलं, सुटलो.

बस सुटून थोडी पुढे आली आणि सुरुची किंचाळली, "काकू, तुमचा पाय!"

तुळजाबाईंच्या पोटरीवर जळू होती. प्यायलेली, बोटाएवढी जाड, काळीभोर. सुरुचीने पिशवीतून मिठाची पुडी काढली.

"मीठ टाकू नगंस!" तुळजाबाई ओरडल्या. "गाडी थांबवा. परत न्या."

ऋषी मागे आला. "काकू, कार्डाने अलगद काढतो आणि इथेच झुडपात सोडतो. तेही जंगलच आहे."

"हा रस्ता हाय. राई न्हाय."

"पण एका जळवेसाठी..."

"सकाळी तूच म्हणलास न्हवं, फकस्त फोटो न्यायचे? मग ही काय फोटो हाय?"

ऋषीने ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली. मागून कुणीतरी म्हणालं, "आमचा धबधब्याचा टाइम जातोय." सुरुची पुटपुटली, "किती ती अंधश्रद्धा."

"पाकिटात वकून खिडकीतनं फेकणाऱ्यांनी मला शाणपण शिकवू नये," तुळजाबाई म्हणाल्या आणि उतरल्या. मी मागे. ऋषी छत्री घेऊन आमच्या मागे.

त्यांनी लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरलं होतं. पायाकडे बघत नव्हत्या. चालता चालता दात आवळून म्हणत होत्या, "पी बाई, पी. पर हितं पडू नगंस."

राईच्या अलीकडे ती पडलीच. रस्त्याच्या चिखलात, रक्ताच्या गुठळीसारखी. मी पान शोधायला लागले. ऋषी म्हणाला, "मी घेतो." तुळजाबाईंनी त्याला हाताने अडवलं.

"म्या आणली, म्याच नेणार."

त्या वाकल्या. दोन बोटांनी उचलली, ती वळवळली तशी सगळ्या अंगानं शहारल्या, पण टाकली नाही. तळहातावर घेतली. चपला काढल्या, आत गेल्या, देवीच्या वाटेवर एका पानावर ती ठेवली आणि हात जोडले. त्याच हातांनी. मग तोंड दाबून धावत राईबाहेर आल्या, रस्ता ओलांडून पलीकडच्या गटारात ओकल्या. पोटरीतून रक्ताची धार चालूच होती. जळू चावली की रक्त लवकर थांबत नाही म्हणे. मी रुमाल बांधला. तोही आता टाकून द्यावा लागणार.

बसमध्ये त्यांच्याशेजारी कुणी बसेना. मी बसले, पण खरं सांगते, थोडं सरकून.

घरी हिंदुराव जागेच होते. त्यांनी अडखळत विचारलं, "ना... नारळ?"

"वाढवला. परसाद तितंच खाल्ला. तुमच्या देवीची जळू संगं येत हुती, ती माघारी नेऊन सोडली. हातानं."

हिंदुरावांनी त्यांच्या हाताकडे बघितलं. चेहऱ्याची डावी बाजू हलली. हसत होते की रडत, मला कळलं नाही. तुळजाबाईंना कळलं असावं.

"दात काढू नगा. तुमचं देवीला सांगितलंय. पुढच्या साली बरं व्हायचं आन तुमीच जायाचं. म्या पुन्यांदा त्या घाणीत पाय घालणार न्हाय."

आणि मोरीत जाऊन त्यांनी नळ सोडला.