कठड्यावरची कुंडी

खिडकीसमोरच्या बाकावर जोशीकाका प्लास्टरमधला पाय लांब करून बसलेत आणि तिसऱ्या मजल्यावरच्या सुमनताई त्यांना डब्यातला उपमा वाढताहेत. महिन्यापूर्वी याच बाकावर बसलेल्या काकांच्या पायावर सुमनताईंच्या गॅलरीच्या कठड्यावरची कोरफडीची कुंडी पडली. तेव्हापासून हे रोज चाललंय, आणि मी रोज बघतो आणि जळतो.

"कुंडी तारेनं बांधायला हवी होती. चूक माझीच," सुमनताई आजही म्हणाल्या.

"असू द्या हो," म्हणत काकांनी आणखी थोडा उपमा घेतला.

दिवाणी न्यायालयात कारकुनी करण्यात माझा जन्म गेला. भरपाई मागायची तर नुसती इजा पुरत नाही. कुणाचा तरी निष्काळजीपणा लागतो, आणि इजा त्यामुळेच झाली हेही दाखवावं लागतं. काकांकडे सगळं आहे. माझाही हात त्याच आठवड्यात मोडला, पण मी घसरलो माझ्याच न्हाणीघरात, मीच सांडलेल्या साबणाच्या पाण्यावरून. दुखणं काकांपेक्षा तसूभरही कमी नाही, फक्त ते कुणामुळे झालेलं नाही. भरपाई म्हणजे पैसे, असं मी इतकी वर्षं समजत होतो. रोज सकाळी कुणीतरी येऊन "चूक माझीच" म्हणतं, ही केवढी भरपाई.

दोघं उठून गेल्यावर मी गळ्यात अडकवलेला हात सांभाळत त्या बाकावर जाऊन बसलो, अगदी काकांच्याच जागी. मग हळूच वर पाहिलं.

कठड्यावर एकही कुंडी उरली नव्हती.