पट्टी माझ्या हातची

नवा विद्यार्थी आला की रत्नाबाई त्याला तीन गोष्टी विचारायच्या. नाव काय, गाव कोणतं आणि बोलणं कोणाशी बंद आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं धडाधड यायची, तिसऱ्याला मात्र पोरं जमिनीकडे बघायला लागायची. मी लालबर्ऱ्याहून आलो होतो. मिशनच्या शाळेत जातोय म्हणून मोठ्या भावानं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तरी मी ऐटीत म्हणालो, "कोणाशीच नाही."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मंग तू खोटं बोलून राह्यला, नाही तं तुह्या गावात तू एकटाच राहतं. कोणतं खरं?"

बालाघाटच्या बाहेर, राजेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची प्रशिक्षण शाळा होती. वर्षभराचा अभ्यासक्रम. सकाळी प्रार्थना आणि बायबल, दुपारी जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, ताप-साखर तपासणं, आणि संध्याकाळी भांडलेल्या माणसांच्या मध्ये कसं बसावं याचा सराव. बिरसा तालुक्यातली गोंड पोरं, गोंदियाकडच्या दोन बहिणी, माझ्यासारखे चार-पाच मराठी घरांतले. शिकवणं हिंदीत चालायचं. बाई हिंदीत शिकवायच्या आणि मराठीत रागवायच्या, त्यामुळे बिरशाच्या पोरांना आधी रागातली मराठी कळायला लागली.

बाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर शाळेत आल्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, पायात कायम पुरुषांच्या सँडल. आरोग्य आणि मेळ, म्हणजे भांडणं मिटवणं, हे दोन्ही विषय त्याच शिकवायच्या, पण त्यांची सरमिसळ त्यांना खपत नसे. एकदा एक पाहुणे उपदेशक मन म्हणजे कशी जखम आणि क्षमा म्हणजे कसं मलम हे तासभर सांगत होते. ते गेल्यावर बाई म्हणाल्या, "जखम जखम हाय, भांडण भांडण हाय. पाय कधी रुसून बसते का? दोन्हीचं काम येगळं येगळं शिका."

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला बळंच घरी धाडलं. परत आल्यावर विचारलं, "बोलला का भाऊ?"

"नाही बोलला."

"जेवला ना त्याच्या घरी?"

"हौ."

"मंग झालं की. बाकीचं पुढच्या वर्षी."

दर गुरुवारी आम्ही गावांत जायचो. राजेगावच्या अलीकडच्या एका खेड्यात तुळशीराम नावाचे शेतकरी होते. पन्नाशीचे, साखरेचा आजार, उजव्या टाचेला खोल जखम. बाई गॉजच्या, म्हणजे जाळीदार कापडाच्या, पट्ट्या आत भरायच्या आणि पुढच्या खेपेला त्या काढून नव्या भरायच्या. मधल्या दिवसांत तुळशीरामभाऊंची बायको अनुसयाबाई वरचं कापड बदलायची. ट्रे धरणं माझं काम होतं, आणि आत किती गेल्या, बाहेर किती आल्या हे मोठ्यानं मोजणंही.

एका गुरुवारी त्याच अंगणात दोन शेजाऱ्यांचा तंटा आला होता. बांधावरच्या मोहाच्या झाडावरून त्यांच्यात तीन वर्षं अबोला होता. बाई पट्टी करता करता दोघांशी बोलत होत्या, आणि बोलणं इतकं रंगात आलं की त्या दोघांनी तिथंच एकमेकांच्या हातचा चहा घेतला. मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो. आम्ही परतलो ते गाणी म्हणत.

पुढच्या दोन आठवड्यांत तुळशीरामभाऊंची जखम चिघळली. वास यायला लागला. बाई संतापल्या. भर चारचौघांत म्हणाल्या, "गोड खाल्लं ना? चिखलात गेलता ना उघड्या पायानं? तुले पाय नको असल तं तसं सांग!"

"नाही हो बाई. म्या काहीच नाही केलं," तुळशीरामभाऊ म्हणाले.

"मंग जखम काय आपोआप सडते का?"

त्यानंतर ते आमच्यासमोर आले नाहीत. गावातल्या एका कंपाउंडरकडून पट्टी करून घेतली, ताप चढला, आणि घरच्यांनी त्यांना गोंदियाला नेलं. मी भेटायला गेलो तेव्हा पाय गुडघ्याखाली कापलेला होता. अनुसयाबाई व्हरांड्यात बसल्या होत्या. "डॉक्टर म्हणे, जखमेत पट्टीचा तुकडा सापडला," त्या म्हणाल्या. "पण हे तरी आयकतात का कोणाचं? बाई सांगत होती, पथ्य पाळा म्हणून."

मी शाळेत येऊन बाईंना सांगितलं, आणि घाईघाईनं जोडलं, "कंपाउंडरची असेल."

बाई म्हणाल्या, "कंपाउंडर वरतून कापड बांधते. आत पट्टी कोण भरते? पट्टी माझ्या हातची हाय."

मोजणी चुकली ती माझी, त्या तंट्याच्या दिवशी. हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. त्यांनी तो विषय काढला नाही, आणि तेव्हा तरी मी गप्प राहिलो.

प्राचार्य भले गृहस्थ होते, पण बाई गावात जाऊन हे सांगणार म्हटल्यावर घाबरले. शाळेचं नाव जाईल, गावं बंद होतील, आणि खात्रीनं कोण सांगू शकतं, असं त्यांचं म्हणणं. बाई म्हणाल्या, "साहेब, लोकायले आपण समोरासमोर बसवतो. आता आपली पाळी आली तं लपाचं का?" दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या. आम्ही तिघं सोबत गेलो.

तुळशीरामभाऊ नुकतेच घरी आले होते, अंगणात खाटेवर पडले होते. बाई समोर जमिनीवर बसल्या. शेजारीपाजारी गोळा होईपर्यंत थांबल्या, कारण रागावल्या होत्या त्या त्यांच्यासमोरच. मग म्हणाल्या, "तुळशीरामभाऊ, तुमी काही खाल्लं नाही, कुठं गेले नाही. तुमचं काही चुकलं नाही. पट्टी माझ्या हातून आत राह्यली, अन् म्या तुमालेच बोलली. सगळ्यायच्या समोर बोलली म्हणून सगळ्यायच्या समोर सांगून राह्यली."

तुळशीरामभाऊंनी तोंड फिरवलं. अनुसयाबाई उठल्या, बाईंची पिशवी उचलून फाटकाबाहेर ठेवली आणि म्हणाल्या, "निंघ."

परतताना आमच्यातला एक म्हणाला, ते माफ करतील अशी प्रार्थना करू या. बाई रस्त्यातच थांबल्या. "खबरदार! त्यायचा पाय गेला. आता त्यायनं मोठं मनही दाखवाव का, आपल्याले बरं वाटाव म्हणून? जखम भरून यावी म्हणून प्रार्थना करा. तेवढीच करा."

पुढच्या गुरुवारी बाई पुन्हा गेल्या. फाटक उघडलं नाही. त्या कुंपणाबाहेर उभ्या राहिल्या आणि अनुसयाबाई आत अंगणात पट्टी करत होत्या ते बघत राहिल्या. न राहवून म्हणाल्या, "कोमट पाणी घे. खालून वर बांध, लय आवळू नको." अनुसयाबाईंनी मान वर केली नाही, पण पट्टी सोडून पुन्हा बांधली, खालून वर. असे सहा-सात गुरुवार गेले. कुंपणाबाहेरून सूचना, आत न बोलता काम.

त्यातल्याच एका गुरुवारी मला राहवेना. मी कुंपणावरून म्हणालो, "भाऊ, मोजायचं काम माझं होतं. मी मोजलं नाही."

तुळशीरामभाऊंनी मला आपादमस्तक पाहिलं. "तं तू होता मोजणारा," ते म्हणाले. मग बाईंकडे बोट करून, "हिनं तुहं नाव नाही घेतलं कधी."

"त्याचं त्यानं सांगाचं होतं," बाई म्हणाल्या.

कृत्रिम पाय बसवायचं शिबीर जवळ आलं तेव्हा बाई जीप घेऊन फाटकाशी आल्या. तुळशीरामभाऊ कुबड्यांवर बाहेर आले. म्हणाले, "म्या माफ नाही केलं बाई. पण गाडीत बसतो."

"बसा," बाई म्हणाल्या. जाताना आणि येताना दोघं धानाच्या पिकाबद्दल बोलत होते.

त्यानंतर बाईंनी एक पायंडा पाडला. प्रत्येक नव्या तुकडीपुढे त्या तुळशीरामभाऊंना बोलवायच्या आणि स्वतः पहिल्या रांगेत बसायच्या. भाऊ पँट वर करून पाय दाखवायचे आणि झालं ते सगळं सांगायचे, बाईंच्या तोंडावर. आपल्या शिक्षिकेची चूक तिच्यासमोर ऐकायला मिळेल अशी दुसरी शाळा मी पाहिलेली नाही. आज मी इथंच शिकवतो. कोणी विचारलं की कुठं शिकलास, तर मी शाळेचं नाव नंतर घेतो, बाईंचं आधी.

बाई मागच्या हिवाळ्यात वारल्या. न्यूमोनिया, चार दिवसांत. दफनाच्या वेळी सगळे ओळीनं मूठमूठ माती टाकत होते. तुळशीरामभाऊंना त्या पायानं वाकता येईना. अनुसयाबाईंनी माती उचलून त्यांच्या हातात दिली आणि मग स्वतः टाकली.

पुढची तुकडी आली. तुळशीरामभाऊंना बोलवावं की नाही, मला ठरवता येत नव्हतं. बोलवण्याची वेळच आली नाही. पहिल्याच आठवड्यात भाऊ मुलाच्या मोटारसायकलवर बसून हजर झाले, खुर्ची ओढली आणि पोरांना नेहमीसारखं सगळं सांगितलं. शेवटी बिरशाची एक मुलगी उठली. हिंदीत तिनं विचारलं की तुम्ही बाईंना माफ केलं का.

भाऊंनी गुडघ्यावर हात ठेवला.

"ते मले नाही ठाऊक, बेटी," ते म्हणाले. "पण एक सांगतो. पाय कापला तवा घरचे म्हणत, तू पथ्य नाही पाळलं. गाव म्हणे, ह्यानं आपल्या हातानं पाय घालवला. मलेही तसंच वाटे. दिवसभर आठवत राहो, म्या काय खाल्लं, कुठं गेलतो. मंग ते बाई आली अन् अंगणात बसून सांगतलं, तुमचं काही चुकलं नाही." त्यांनी खोट्या पायावर थाप मारली. "हा पाय तं शिबिरातही भेटते. ते गोष्ट मले कोण देणार होतं?"