चार तांबड्या कोंबड्या

दुष्काळाच्या आदल्या वर्षी आमच्या अंगणात चार तांबड्या कोंबड्या होत्या. तीन सासूबाईंच्या, एक मी लग्नानंतर माहेराहून आणलेली. चौघी दिसायला सारख्या. माझी मात्र महिना झाला तरी अंडं देत नव्हती.

नव्या सुनेने वडीलधाऱ्यांसमोर बोलायचं नाही, पदर कपाळाखाली. त्यामुळे मला माणसांचे नुसते पाय दिसायचे, कोंबड्या मात्र पूर्ण दिसायच्या. एकीवरच टक लावली की बाकीच्या निसटतात. म्हणून मी चौघींच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघायचे. कोण कुठे गेली ते आपोआप कळायचं.

एका दुपारी निरोप आला, जावई जेवायला येतायत. सासूबाईंनी अंगणात ज्वारी टाकली आणि बोट दाखवलं.

"ती बघ, कडंची. नुस्ती खाती. मामंजी सुरी घिऊन येस्तवर तिच्यावरनं नजर काढू नको."

ती माझीच होती.

तेवढ्यात जावयांची फटफटी थेट अंगणात शिरली. कोंबड्या बैलगाडीखाली, तिथून गोठ्यात, गोठ्यातून परत अंगणात. मामंजी सुरी घेऊन आले.

"कोनती?"

सासूबाई गोंधळल्या. "सुनंला इचारा. तिची नजर हुती."

माझी कोंबडी उकिरड्यावर पाय झाडत होती. मी मान आणखी खाली घातली आणि तुळशीपाशी उभ्या असलेल्या सासूबाईंच्या कोंबडीकडे बोट केलं. खोटं बोलले म्हणावं, तर बोललेच नव्हते.

कोंबडी साफ करताना सासूबाईंच्या हाताला अंड्यांची माळ लागली. एक तर कवचासकट तयार. मी खाली बघून मसाला वाटत राहिले.

"नजर चुकली व्हय गं?"

"व्हय, आत्याबाई."

"बरं. मग उद्या तुज्या कोंबडीनं अंडं दिलं पायजे. न्हाईतर परवा तिचीच पाळी."

सकाळी शेजारच्या काकूंकडून अंडं मागून आणलं, खुराड्यात ठेवलं आणि सासूबाईंना नेऊन दाखवलं. त्यांनी ते उचलून गालाला लावलं.

"गार हाय."

मी अंगठ्याने माती उकरू लागले.

"उद्या आनशील तवा पदरात जरा ऊब दिऊन आन," म्हणाल्या आणि अंडं घेऊन आत गेल्या.

माझ्या कोंबडीने खरं अंडं द्यायला आणखी आठ दिवस लावले. तोवर शेजारच्या काकू मला लांबून बघितलं तरी खुराड्याचं दार ओढून घेत.