फळीवरची टकटक

मायणीच्या तळ्यात आजोबांच्या वेळची नाव बुडालेली होती, अन् तिच्यात शिरणारा पाणबुड्या एकच. गडी इतका वेळ खाली राही, की काठावर आम्ही रडून, जेवून मोकळे व्हायचो! शिरताना तो आधी फळीवर टकटक करी. म्हणे, "दुसऱ्याचं घर हाय ते, गड्या." पाण्यातलं तो कधी फुगवून सांगत नसे, ते काम माझं.

लढाईच्या दिवसांत, नावेबरोबर बुडालेल्या नावाड्याची म्हातारी बायको आली. "लेकरा, त्यांच्या हातातलं कडं आण. मरताना जवळ असू दे."

तो वर आला तो पांढराफटक, रिकाम्या हातानं.

"आवं आजी, टकटक केली. आतनं म्हणाले, तिलाच धाड."

म्हातारी पदर खोचून पाण्याकडं धावली. तिला आवरताना तालमीतले आम्ही चार गडी दमलो.