पेटीऐवजी सदतीस पट्ट्या

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी साडेबारा वाजता, लष्कर भागातल्या एका वाद्यांच्या दुकानातून आम्ही सदतीस पट्ट्यांचा एक छोटा सिंथेसायझर विकत घेतला. तो माझ्या पत्नीसाठी होता. तिचे वय तेव्हा एक्कावन्न होते. त्याआधी बत्तीस वर्षे तिने हार्मोनियम वाजवली होती आणि त्यातली बावीस वर्षे ती एकाच गायिकेला साथ करत होती.

त्या वर्षी जून महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, तिला अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी शिकवणी चालू होती. दोन विद्यार्थिनी समोर बसल्या होत्या. तिचा उजवा हात वाजवत राहिला आणि पेटीतून आवाज येईनासा झाला. डावा हात भात्यावरून खाली आला आहे हे तिला एका विद्यार्थिनीने सांगितले. ती नऊ दिवस रुग्णालयात होती. बोलणे आणि चालणे लगेच पूर्ववत झाले. डाव्या हाताची हालचालही दोन महिन्यांत बरीचशी परतली. स्पर्श परतला नाही. चहाचा कप गरम आहे की गार, हे तिला उजव्या हाताने पाहावे लागे. स्पर्श परत येईल का, या प्रश्नावर डॉक्टर "येऊ शकतो" असे म्हणाले. पुढच्या चारही भेटींत त्यांनी तेच उत्तर दिले.

पेटी वाजवणाऱ्याच्या बोटांकडे सगळ्यांचे लक्ष असते, पण सूर लहानमोठा होतो तो भात्यावरच्या डाव्या हाताने. तो हात हवा किती भरली, किती उरली याचा अंदाज तळव्याने घेतो. ऑगस्टमध्ये तिने पुन्हा पेटी काढली. चार-पाच मिनिटांत भाता मंदावे आणि मंदावला आहे हे तिला आवाज पडल्यावरच कळे. तिने आठ दिवस हा प्रयत्न केला. नवव्या दिवशी पेटीवर खोळ चढवली.

गणपती झाल्यावर बाई घरी आल्या. बाई म्हणजे तिच्या गायिका. वय बहात्तर. त्या चहा न घेता मुद्द्यावर आल्या.

"संक्रांतीनंतरच्या रविवारी माझी बैठक आहे. तोपर्यंत तुझ्या जागी कुणाला बसवत नाही. घरी तबल्यावर भागवीन. पण बैठकीला मला साथ लागते."

"पेटी होत नाही, बाई," पत्नी म्हणाली.

"पेटी आण असं म्हटलंय का मी? सूर आण. कशातून आणायचा ते तुझं तू बघ. आजकाल मुलं डबड्यांतून काय काय काढतात."

त्या गेल्यावर पत्नीने मला एवढेच विचारले, "डबडी कुठे मिळतात?"

मी एका मराठी दैनिकात शहर पानाच्या डेस्कवर होतो. त्या काळात आमच्या पुरवणीची निम्मी पाने सॉफ्टवेअर कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींनी भरत. वाद्यांच्या दुकानांतही तोच बदल दिसत होता. पूर्वी दर्शनी भागात तंबोरे आणि तबले असायचे, तिथे आता कीबोर्ड आणि गिटार होत्या. शनिवारी गळ्यात कंपनीचे ओळखपत्र घातलेली मुले येत, हेडफोन लावून तासभर वाजवत आणि विचार करून सांगतो म्हणून निघून जात.

पहिल्या शनिवारी आम्ही लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो. विक्रेत्याने एकसष्ट पट्ट्यांचा एक कीबोर्ड पुढे केला. त्यात हार्मोनियमचा आवाज होता, तबल्याचे बटण होते, शहनाईही होती. पत्नीने उजव्या हाताने यमनची चार वाक्ये वाजवली आणि थांबली.

"हा पेटीचा फोटो आहे," ती म्हणाली.

"मॅडम, पुण्यातले सगळे ऑर्केस्ट्रावाले हेच मॉडेल नेतात."

"मग त्यांच्यासाठी ठेवा."

रिक्षात तिने मला समजावून सांगितले. त्यात एका पेटीचा आवाज टिपून ठेवलेला होता. प्रत्येक वेळी तोच आवाज, त्याच ठिकाणी सुरू होऊन त्याच पद्धतीने चालणार. शिवाय ते धूड एका हाताने उचलणे तिला शक्य नव्हते. स्वतःचे वाद्य स्वतः उचलून न्यायचे, ही तिची सवय होती आणि ती मोडायला ती तयार नव्हती.

लष्करातले दुकान तिने नंतरच्या शनिवारी निवडले, कारण तिथला मालक माहितीतला निघाला. त्याच्या वडिलांचे नाना पेठेत पेटी दुरुस्तीचे दुकान होते. तिच्या पहिल्या पेटीचे सूर त्यांनीच लावून दिले होते. मुलगा साधारण माझ्या वयाचा होता. तो आता कीबोर्ड विकत होता आणि मागच्या खोलीत अजूनही पेट्या दुरुस्त करत होता. त्याने सगळे ऐकून घेतले, तिच्या डाव्या हाताकडे एकदा पाहिले आणि वरच्या फळीवरून एक लहान यंत्र काढले. सदतीस पट्ट्या, म्हणजे तीन सप्तके, साधारण पेटीइतक्याच. पट्ट्या नेहमीच्या कीबोर्डपेक्षा अरुंद होत्या. वर दहा-बारा गोल बटणे होती. तिने ते उजव्या हाताने उचलून पाहिले आणि खाली ठेवले.

"याला व्हर्च्युअल ॲनालॉग म्हणतात, वहिनी," तो म्हणाला. "जुन्या मशीनमध्ये सर्किटातून आवाज निघायचा. यात एक चिप त्या सर्किटाची नक्कल करते. आवाज टिपून ठेवलेला नाही. तुम्ही पट्टी दाबली की तो त्या वेळी तयार होतो."

"म्हणजे ताजा स्वयंपाक. लक्ष्मी रोडवर होतं ते फ्रीजमधलं."

"तसं समजा. पण यात तबला नाही, शहनाई नाही, स्पीकरसुद्धा नाही. आयटीतली मुलं नेतात. घरी गेल्यावर म्हणतात, काका, यात गाणी कुठे आहेत?"

तिने काळी चारचा सा दाबला आणि धरून ठेवला. ती मनात आकडे मोजत होती हे मला ओठांवरून दिसले. पेटी घेताना ती हेच करायची. भाता भरायचा, एक पट्टी दाबायची आणि हवा किती वेळ टिकते ते पाहायचे. आवाज तिसऱ्या आकड्याला संपला.

"दम नाही याच्यात. भाता गळका आहे," ती म्हणाली आणि पर्स उचलली.

मालक हसला नाही. त्याने एक बटण उजवीकडे फिरवले. "आता धरा."

तिने पुन्हा पट्टी दाबली. आवाज थांबला नाही. ती साठपर्यंत मोजत राहिली. दुकानातली दोन मुले हेडफोन काढून बघू लागली.

"साठीनंतर तो थकणार नाही का?"

"वीज असेपर्यंत नाही."

"मग गुरुवार सोडून," ती म्हणाली. गुरुवारी पुण्यात वीज जाते.

त्या दिवशी आम्ही घेतला नाही. तिसऱ्या शनिवारी मालकाने तो आधीच काउंटरवर मांडून ठेवला होता. आठवडाभर त्याने त्यावर काम केले होते. आवाजातली धार काढून तो पेटीच्या खर्जाच्या जवळ आणला होता, अगदी पेटीसारखा नव्हे. पत्नीला हवा होता तसाच. राहिला प्रश्न भात्याचा. सूर वाढवायचा, कमी करायचा कसा? त्यासाठी त्याने एक पेडल जोडले. पंजाने पुढे दाबले की आवाज वाढायचा, टाचेकडे दाबले की उतरायचा. तिचा पाय शाबूत होता. काउंटरपाशी उभी राहून तिने वीस मिनिटे वाजवले. उजवा हात पट्ट्यांवर, डावा पाय पेडलवर. डावा हात खिशात ठेवावा तसा तिने पदरात ठेवला होता. सूर भरत होता, उतरत होता. मालकाने डोळे मिटले होते. मी घड्याळ पाहिले, साडेबारा झाले होते. तिने मान हलवली आणि मी चेकबुक काढले.

सिंथेसायझर तिने उचलला. पेडल आणि सोबत घेतलेला लहान स्पीकर माझ्याकडे होता.

रविवारी सकाळी तिने दिवाणखान्यात सतरंजी घातली. वाद्य समोर ठेवले, तारा जोडल्या, मांडी घातली आणि तशीच बसून राहिली. मी विचारले, काय झाले. तिने मांडीखालून डावा पाय मोकळा केला, पुढे लांब केला, पुन्हा आत घेतला. पेडल तिच्या पायापासून हातभर दूर होते आणि जवळ ओढले तरी मांडी घातलेल्या पायाने ते दाबता येत नव्हते. बैठकीत गाणारे आणि साथीदार जमिनीवर बसतात. पाय पसरून बसणे शक्यच नाही. तीन शनिवार आम्ही वाद्य पाहिले, ते उभ्याने. बत्तीस वर्षे मांडी घालून वाजवणारी ती, पेटीवाल्याच्या घरात वाढलेला तो मालक, आणि शेकडो बैठकींचे वृत्त लिहिलेला मी, यांपैकी कोणाच्याही हे लक्षात आले नव्हते.

मी दुकानात फोन केला. मालकाला सगळे सांगितले.

"साहेब," तो म्हणाला, "माझे वडील असते तर त्यांनी मला माझ्याच दुकानातून बाहेर काढलं असतं. उद्या येतो."

सोमवारी तो आला. बरोबर लाकडाचा एक उतरता ठोकळा होता, त्यावर पेटीच्या आत लावतात ते जाड कापड चिकटवले होते. पेडल त्याने ठोकळ्यावर बसवले, ठोकळा तिच्या डाव्या गुडघ्यापाशी ठेवला आणि तिच्या डाव्या हाताचा पंजा उचलून त्यावर ठेवला. बोटे पुढे गेली की आवाज वाढेल, मनगट मागे आले की उतरेल.

"दाबला का मी?" तिने विचारले.

"दाबलात."

"आता?"

"आता सोडलात, वहिनी."

"मला कळत नाही. ऐकून ठरवायला लागेल."

पुढचे पंधरा दिवस ती रोज दोन तास ऐकून ठरवत होती. डोळे पंजावर ठेवले की उजव्या हाताचे चुकायचे. पंजाकडे न पाहता वाजवायला ती शिकली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही बाईंच्या घरी गेलो. तबलजी आधीच आले होते. बाईंनी वाद्य पाहिले.

"पेटी धुतलीस की काय? आटली."

"सुकल्यावर वाढेल," पत्नी म्हणाली.

"बस."

बाईंच्या डाव्या हाताला, नेहमीच्या जागी, ती बसली. बाईंनी सा लावला. तिने तो घेतला. पहिली वीस मिनिटे मला फरक सांगता आला नसता. मग लय थोडी वाढली. बाई एक वाक्य पूर्ण करून थांबत आणि त्या थांबल्यावर मागे सूर क्षणभर उरत असे. मग तो उतरे. पट्टीवरचे बोट वेळेवर होते. मनगट मागे यायला उशीर होत होता. तिला तो उशीर आवाजावरूनच कळायचा, आणि आवाज कानावर येईपर्यंत उशीर झालेला असायचा. तबलजी दर वेळी खाली, स्वतःच्या नखांकडे पाहत होते. शेवटी बाई एवढेच म्हणाल्या, "सोमवार, बुधवार, शुक्रवार. पाच वाजता."

त्यानंतर ती पाच आठवडे जात होती. वाद्य स्वतः उचलून, रिक्षाने. स्पीकर बाईंनी त्यांच्या घरीच ठेवून घेतला होता. माझी डेस्कवरची पाळी दुपारची असल्यामुळे मी पुन्हा एकदाच जाऊ शकलो. तेव्हाही सूर वाक्याच्या शेवटी तेवढाच उरत होता. घरी मी तिला त्याबद्दल विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. सराव कसा झाला, असे मी म्हणायचो. झाला, असे ती म्हणायची.

शहरातल्या कार्यक्रमांची टिपणे आमच्याकडे बैठकीच्या तीन-चार दिवस आधी येत. बाई ती स्वतःच्या अक्षरात पाठवत, कारण एकदा आमच्याकडून त्यांच्या रागाचे नाव चुकीचे छापले गेले होते. संक्रांत झाल्यावर, त्या आठवड्यातल्या गुरुवारी, त्यांचे टिपण माझ्या टेबलावर आले. स्थळ, वेळ, प्रवेश खुला. तबला, त्याच तबलजींचे नाव. पेटी, एका गृहस्थांचे नाव. ते मी ऐकून होतो.

मी घरी फोन लावला.

"बाईंचं टिपण आलंय," मी म्हणालो.

"हो. आज पाठवते म्हणाल्या होत्या."

"पेटीवर दुसरं नाव आहे."

"बरोबर आहे. मीच सुचवलं त्यांना."

"केव्हा?"

"सोमवारी."

"बाई काही बोलल्या का?"

"नाही. बोलल्या नसत्याच त्या. तशाच रविवारी घेऊन बसल्या असत्या मला." मग ती म्हणाली, "अहो, नाव नीट बघून घ्या. मधलं अक्षर जोडाक्षर आहे. मागच्या वेळी तुमच्या लोकांनी रागाचं नाव चुकवलं होतं."

मी नाव तपासले. टिपणाचे शब्द कमी करून ते संगणकावर टाइप करायला दिले. प्रूफ साडेसहाला आले. जोडाक्षर बरोबर होते. मी त्यावर सही केली. टिपण शुक्रवारच्या अंकात पान चारवर, तिसऱ्या रकान्यात छापून आले.