आपल्यात कसली सही?

सर्व्हिस सेंटरमध्ये त्याला सगळे कानसेन म्हणायचे. गाडी फाटकातून आत येतेय तोवर हा नुसत्या आवाजावरून सांगणार, पुढचं बेअरिंग गेलंय. बावीस वर्षं गाड्यांखाली काढली होती गड्यानं, आणि त्यात कमरेचा पार भुगा झाला होता. मागच्या वर्षी तर तीन आठवडे हॉस्पिटलात पडून होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "आणखी वर्षभर असं वाकून काम केलंत, तर काठी घ्यावी लागेल."

मग उरलं काय? टेबल. गाडी घेऊन येणाऱ्याशी बोलायचं, त्याची तक्रार जॉब कार्डावर लिहायची, मेकॅनिककडून काम करून घ्यायचं. त्याला म्हणतात सर्व्हिस अॅडव्हायझर. त्याचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण निघालं आणि कानसेननं नाव दिलं. बरोबर सगळी विशीतली पोरं, कॉम्प्युटरवर त्यांची बोटं नुसती पळायची. हा आपला एका बोटानं एकेक अक्षर शोधतोय. पण हटला नाही हो!

घरी बायकोला गिऱ्हाईक करून सराव चालायचा.

"नमस्कार मॅडम, गाडीचा काय त्रास आहे?"

"आवाज करते."

"कसला आवाज?"

"सारखी कुरकुर. तुमच्या आईसारखी."

"तुमच्याच शब्दांत लिहून घेऊ ना, मॅडम?"

आतून आई ओरडायची, "लिही, लिही! मला ऐकू येतंय सगळं!"

शिकवणाऱ्या बाईंचा एका गोष्टीवर भारी कटाक्ष होता. गाडी ताब्यात घेण्याआधी गिऱ्हाइकाला घेऊन गाडीभोवती फेरी मारायची, प्रत्येक ओरखडा कार्डावर लिहायचा, खाली त्याची सही घ्यायची. नाहीतर संध्याकाळी तोच म्हणणार, हा पोचा तुम्हीच पाडलात. शेवटच्या आठवड्यात एक खोटं गिऱ्हाईक येणार होतं, सगळं बघून गुण देणारं. कोण, ते कुणालाच ठाऊक नाही. त्यात नापास झालं की परत आपापल्या जुन्या जागी. कानसेनची जुनी जागा म्हणजे गाडीखाली.

त्या आठवड्यात तो प्रत्येक अनोळखी माणसाकडे चोर बघावा तसा बघत होता. बुधवारी चष्मेवाले काका आले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान. चौदा वर्षं त्यांची गाडी कानसेनशिवाय कुणाच्या हाती गेली नव्हती. हॉस्पिटलात काका तीनदा येऊन बसले होते. डॉक्टर जे बोलले, तेही त्यांनी उशाशी बसूनच ऐकलेलं. म्हणजे घरचाच माणूस!

"वा रे वा, खुर्ची शोभतेय हं तुला!" काका म्हणाले.

तो कार्ड घेऊन उठला. "या काका, गाडीभोवती एक फेरी मारू."

"मला फेऱ्या मारायला लावतोस होय रे? दुकान उघडायचंय मला."

"बरं, सही तरी..."

"आपल्यात कसली सही?"

कानसेनला लाजल्यासारखं झालं. खरंच की! ज्यानं आजारपणात पाणी पाजलं, त्याच्यावर काय संशय घ्यायचा? त्यानं पेन खिशात टाकलं आणि किल्ली घेतली.

शनिवारी बाईंनी निकाल वाचला. फेरी मारली नाही. सही न घेता गाडी ताब्यात घेतली. ओळखीपुढे नियम विसरतो. वर तारीख बुधवारची आणि गाडीचा नंबर काकांचा.

"पुढच्या वर्षी परत बसता येईल," बाई हळूच म्हणाल्या.

पुढच्या वर्षी! कुणाच्या कमरेच्या जिवावर? अहो, परक्यानं नापास केलं असतं, तर दोन शिव्या हासडून मोकळा झाला असता माणूस. इथे काकांनी केसानं गळा कापला होता. बायकोनं विचारलं तेव्हा तो नुसतं "गेलं" म्हणाला आणि जेवायलाही उठला नाही.

दहा-बारा दिवसांनी काका गाडी घेऊन हजर! नव्या अॅडव्हायझरच्या टेबलापाशी थांबलेही नाहीत, सरळ मागे वर्कशॉपात आले. कानसेन कमरेला पट्टा आवळून एका गाडीखाली उताणा पडला होता. त्याला काकांचे बूट दिसले, पण तो बाहेर आला नाही.

"रागावलायस ना?" काका वाकून म्हणाले. "अरे, मी खरं तेच लिहिलं."

"खरंच लिहिलंत काका. पण सही नको असं कोण म्हणालं, तेही लिहायचं होतं."

काका कसनुसं हसले. स्टूल ओढून टेकले आणि आवाज खाली आणून अगदी मायेनं म्हणाले, "हे बघ, तुझ्यापासून काय लपवायचं? तू टेबलावर जाऊन बसलास, तर माझी गाडी कोण बघणार? या पोरांच्या हाती द्यायला जीव धजत नाही रे."

कानसेननं हातातला पाना खाली ठेवला.

"किल्ली पुढे टेबलावर द्या, साहेब," तो म्हणाला.

"साहेब? मला साहेब म्हणतोस?"

काकांनी पुढे जाऊन किल्ली दिली, आणि मेकॅनिक कानसेनच पाहिजे म्हणून सांगितलं. तासाभरात ती गाडी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. चाक काढायला तो खाली बसला, आणि त्याला उठवायला दोघं जण लागले.