वाडीतले सगळे उपप्रमुख

माझ्या धाकट्या दिरासारका माणूस अख्ख्या पोलादपुरात नाय, महाडात नाय, कशेडी उतरून पार पलीकडं गेलात तरी गावायचा नाय. ह्यानं जल्मात एक काम स्वतः केलं नाय, आन् एक काम बिनमाणसाचं सोडलं नाय. काम दिसलं का पयला माणूस नेमायचा. स्वतःच्या लग्नात भातावर नजर ठेवायला चार जण नेमले. चौघं एकमेकांकडं बघत बसले, भात खाली लागला. नवरी रडली तर गप करायला मी नेमलेली. ती कसली रडते, करपलेला भात बघून हसत व्हती.

तर हा पंचायतीला उभा ऱ्हायला. कशापायी, ते सांगते. डांबरी सडक खाली, आमची वाडी वर डोंगरात. मधी तासाभराची पायवाट, पावसात तीबी धड नाय. आजारी माणूस झोळीत घालायचा, बांबू खांद्यावर घ्यायचा आन् उतरायचं. वाडीला रस्ता पायजे, येवढंच त्याचं म्हननं. त्यात हसन्यासारकं काय नाय. हसायचं फुडं हाय.

प्रचाराला त्यानं एका घरातला उपप्रमुख नेमला, तर दुसरं घर रुसलं. मंग तितलाबी नेमला. असं करत घरटी एक झाला. प्रमुख मातर कोनच नाय, बाकीचे रुसले असते ना. भोंग्याचा उपप्रमुख कानानं बहिरा. चिठ्ठ्या वाटायचा अंगठेबहाद्दर. मताला येनाऱ्या मुंबईकरांची गाडी महाडात वडापाव खात ऱ्हायली तर हाकलायला एक, आन् तोबी खात बसला तर त्याला हाकलायला आनी एक. मला म्हनाला, “वयनी, तुमी चायच्या उपप्रमुख.”

म्हटलं, “भावजी, चाळीस वर्सं चाय करते, तवा कोनी नेमलं नव्हतं.”

“म्हनून तर आता रिकार्डावर घेतो.”

मतदानादिवशी मी सकाळीच खाली शाळेत मत टाकून आले, गुरं सोडायची व्हती. मतदान संपायच्या टायमाला चायची किटली घेऊन परत उतरले, तर अकरा उपप्रमुख शाळेसमोर आंब्याखाली उभे. म्हटलं, “झालं का रे टाकून?”

“पयला कोन जायाचा ते ठरंना, आजी.”

पालखीला पयला खांदा कोनाचा, ह्याच्यावरनं आमच्यात आज्या-पंज्यापासून भांडन. तोच मान ह्यांनी मताला लावला. बहिरा म्हने, “वाडीत पयलं घर आमचं.” दुसरा म्हने, “घर तुमचं, पन देव आमी आनला.” दीर मधी उभा, ह्याच्या पाया पड, त्याच्या पाया पड. त्यानंबी टाकलं नव्हतं, उमेदवार पयला घुसला तर सगळेच रुसायचे.

मी म्हटलं, “मुडद्यांनो, एकदम घुसा.”

“एकदम घुसलो तर मान कोनाचा, आजी?”

तितक्यात शाळेचं दार बंद झालं. बायका सकाळीच टाकून गेल्या व्हत्या म्हनून थोडी तरी मतं पडली. निकालात दीर नऊ मतांनी पडला.

त्या दिवशी ओटीवर येऊन बसला. कोनाला शिवी नाय, काय नाय. म्हनाला, “वयनी, दादाला खाली नेला तवा झोळीला पयला खांदा कोनाचा लागला व्हता?”

दादा म्हंजे माझा मालक. डांबरापर्यंत पोचला नाय, वाटंतच गेला.

म्हटलं, “ध्यानात नाय. सगळेच धावले.”

“हां,” म्हनाला. मंग म्हनाला, “फुडच्या टायमाला रस्ता आनतोच बघा.”

म्हटलं, “आना.”

पाच वर्सांनी मी ही वाट पायानं उतरन का झोळीत, ह्या उपप्रमुखांच्या खांद्यावरनं, ते देवाला ठाव. चाय गरम केली आन् त्याच्या फुड्यात ठेवली.